खांदा निखळला, होडी फुटली: पुढे काय?

खळाळत्या पाण्यात कॅनो चालवणाऱ्याला पहिल्या एक-दोन हंगामांत कुठेतरी लागतं आणि होडीही कुठेतरी फुटते, बरेचदा एकाच आपटीत. नवखा माणूस अशा वेळी होडीमागे धावतो. क्रम उलटा हवा: आधी आपण, मग सोबतचे, मग वल्हं आणि सगळ्यात शेवटी होडी.

पाण्यात पडल्यावर होडीच्या वरच्या अंगाला राहायचं, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला. उघड्या कॅनोत काहीशे लिटर पाणी भरतं. ती खडकावर आडवी बसली आणि तुम्ही खडक नि होडीच्या मधे असलात, तर सुटका अवघड. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, पावलं पाण्याच्या वर. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहू नये. पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं, प्रवाह मागून ढकलतो आणि माणूस तोंडावर पाण्याखाली जातो. काठ हाताशी आलाय असं वाटतं, नेमकं तेव्हाच हे घडतं.

या खेळाची खरी दुखापत खांद्याची. होडी कलंडताना वल्ह्यावर भार टाकून सावरायला जावं आणि हात डोक्याच्या वर, अंगाच्या मागे गेलेला असावा. पाणी वल्हं ओढतं आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून पुढे निसटतो. म्हणून दोन्ही हात कायम छातीच्या पुढे दिसले पाहिजेत, कोपरं खाली. मागे पोचायचं असेल तर हात लांब करायचा नाही, कमरेतून अख्खं धड वळवायचं. हे वळण सपाट पाण्यात शेकडो वेळा घोटल्याशिवाय रॅपिडमधे आपोआप होत नाही.

निखळलेला खांदा ओळखू येतो: गोलाई जाऊन कोपरा दिसतो आणि माणूस तो हात दुसऱ्या हाताने सावरून धरतो. मनगटाची नाडी बघा, बोटं हलवायला सांगा, दंडाच्या बाहेरच्या बाजूला वरती स्पर्श कळतोय का विचारा. तिथे बधिरपणा असेल तर मज्जातंतू ताणला गेलाय, हे डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. अंगठी, घड्याळ लगेच काढा, हात सुजल्यावर निघत नाहीत. हात आणि बरगड्यांच्या मधे गुंडाळलेला कोरडा कपडा ठेवून, माणसाला ज्या स्थितीत कमी दुखतं त्याच स्थितीत झोळी बांधा. दर १०-१५ मिनिटांनी नाडी आणि बोटं पुन्हा तपासा. ओढून बसवायचा प्रयोग शिकलेल्या माणसाशिवाय कुणी करू नये, कारण आत हाड मोडलेलंही असू शकतं. ते एक्स-रेमधेच कळतं.

पुढचे महिने जास्त कठीण. काही आठवड्यांत दुखणं ओसरतं आणि माणूस वल्हं उचलतो, पण सांध्याभोवतीचं आवरण तेवढ्यात भरून आलेलं नसतं. तरुणांमधे खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. साधारण क्रम असा: आधी झोळी, मग हालचाल परत मिळवणं, मग रबरी पट्ट्याने फिरवण्याचे व्यायाम आणि पाठीच्या फऱ्यांची ताकद. खळाळत्या पाण्यात परत यायला बहुधा ३ ते ६ महिने लागतात. नेमका काळ डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील, तुमचा उत्साह नव्हे. कॅनोत आपण एकाच बाजूने वल्हवतो, त्यामुळे बाजू बदलून काम भागवावं असं वाटतं. भागत नाही. वरच्या हाताच्या खांद्यालाही ताण बसतोच, फक्त वेगळा. परतल्यावर सपाट पाण्यात पुढचे साधे फटकारे आधी. होडीवरून पलीकडे वल्हं नेणारे क्रॉस स्ट्रोक सगळ्यात शेवटी.

डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, बरं वाटलं तरी. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं की थेट रुग्णालय. मोठा दणका खाल्लेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बाद. जखमा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताची लस झालीये का पाहा. आणि नदीत भिजल्यानंतर ४ आठवड्यांच्या आत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीचा उल्लेख करा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना त्यावरूनच येईल.

आता होडी. आधी ती कशाची आहे ते माहीत हवं. जुन्या कॅनो बऱ्याचदा रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लास्टिकच्या असतात; ते २०१४ पासून बनत नाही. बाकी पॉलिथिलीन, नाहीतर स्पर्धेच्या होड्यांत कार्बन-केवलार, म्हणजे मजबूत तंतूंचं विणलेलं कापड. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पॉलिथिलीनवर साधं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारं चिकटद्रव्य) पापुद्र्यासारखं सुटतं, तिथे त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करावं लागतं. क्रॉसलिंक्ड, म्हणजे साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेला प्रकार असेल तर तेही होत नाही, कारण ते वितळतच नाही. चीर कुठल्याही प्लास्टिकमधे असो, आधी तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर दुरुस्तीखालून चीर पुढे धावते. नुसता पोचा पडला असेल तर घाई नको. ऊन किंवा गरम पाणी मिळालं की बराचसा वर येतो.

नदीकाठी मदतीला डक्ट टेप. ती चिकटत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ती ओल्या होडीवर लावलेली असते. जागा पुसा, स्पिरिट फिरवा, तळहाताने किंवा लायटरची आच लांबून देऊन कोमट करा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा पाण्याने आधी उचलला जातो. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून लावा. ही पट्टी घरी पोचण्यापुरतीच.

कार्बन-केवलारची दुरुस्ती मात्र निवांत, छपराखाली. होडी एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. तंतूंत पाणी राहिलं तर इपॉक्सी पकडत नाही. मास्क आणि हातमोजे घालून आतून चिरेभोवती ५ सेंटीमीटरपर्यंत ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, अॅसिटोनने पुसा. काचेच्या कापडाचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा २ सेंटीमीटर मोठा. बाहेरून पातळ एकच थर पुरतो. केवलार सगळ्यात वर ठेवू नका, घासायला गेलात की त्याची लोकर होते.

सगळ्यात जास्त दुरुस्त्या वाया जातात त्या मिश्रणाच्या कपात. हार्डनर जास्त घातलं की लवकर घट्ट होईल हा समज पॉलिस्टर रेझिनवरून आलेला. इपॉक्सीत डब्यावरचं प्रमाण चुकलं की ते कायमचं चिकट राहतं. वजनकाटा वापरा, कपाच्या कडा खरवडत २-३ मिनिटं ढवळा. उंच कपात तसंच ठेवलं तर मिश्रण तापतं, कधी धूरही येतो. पसरट ताटलीत ओतलं की काम करायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी ते हाताला कडक लागतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो.

तपासणी सोपी आहे. होडी दोन स्टुलांवर ठेवा, आत दोन बादल्या पाणी ओता, दुरुस्तीच्या जागेवर आणा आणि खालून कोरडा कागद लावून पाहा. त्याच दिवशी होडी तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर तशाच ठेवा. सकाळी पिशवी मऊ झालेली असेल तर कुठून गळते ते साबणाच्या पाण्याने शोधा. गळती बहुधा झडपेपाशीच सापडते.