सोलापुरात फॅमिली फाइन डायनिंग काढायचंय? गाळ्यावर सही करण्याआधीची तयारी

जागा बघायला बाहेर पडण्याआधी घरी कागद-पेन घेऊन बसा आणि तीन आकडे काढा: खुर्च्या किती, त्यासाठी चौरस फूट किती, आणि भाडं जास्तीत जास्त किती झेपेल. हे न करता एजंटबरोबर फिरायला लागलात तर पहिला काचेचा दर्शनी गाळा डोळ्यात भरतो आणि मग आकडे त्या गाळ्याला बसवले जातात.

ऐंशी खुर्च्यांचा हिशोब करून बघू. फाइन डायनिंगला एका खुर्चीमागे साधारण 18 चौरस फूट धरावे लागतात, कारण टेबलांमधून ट्रॉली जायला हवी, लहान मुलाची उंच खुर्ची बाजूला लागायला हवी आणि आजोबांना उठताना मागच्या टेबलाला धक्का लागता कामा नये. म्हणजे हॉल 1,450 ते 1,500 चौरस फूट. स्वयंपाकघर, भांड्यांची मोरी आणि कोठीघर मिळून 700. स्वच्छतागृहं, वेटिंग आणि काउंटरसाठी 300. एकूण 2,500 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, त्यामुळे टेप घेऊन स्वतः मोजा.

आता भाडं. सोमवार ते शुक्रवार दुपार-रात्र मिळून रोज 60 माणसं, शनिवार-रविवार रोज 130, माणशी सरासरी बिल 450 रुपये धरलं तर आठवड्याला 560 माणसं आणि 2,52,000 रुपये होतात, महिन्याला सुमारे 10,80,000. भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या वर गेलं की धंदा मालकासाठी चालतो, तुमच्यासाठी नाही. म्हणजे कमाल 1,08,000. पण थांबा, यात जीएसटी आलाच पाहिजे. रेस्टॉरंटच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लावणाऱ्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे भाड्यावरचा 18 टक्के कर सरळ खर्चात जातो. घरमालकाची नोंदणी नसली तरी ऑक्टोबर 2024 पासून तो कर रिव्हर्स चार्जने नोंदणीकृत भाडेकरूलाच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्यांना) तेवढी सूट आहे. म्हणून मूळ भाडं 91,500 च्या पुढे बोलूच नका. स्वतःचे आकडे टाकून हाच हिशोब पुन्हा करा. श्रावणातला आणि पितृपंधरवड्यातला मांसाहारी खप मात्र वेगळा धरा.

शुद्ध शाकाहारी की दोन्ही, हेही जागेच्या आधी ठरवायचं. सोलापुरात एका टेबलावर शाकाहारी सासू आणि मटणाचा रस्सा मागणारे जावई शेजारी बसतात. त्या सासूबाईंचा विश्वास बसावा म्हणून दोन स्वयंपाकघरं वेगळी दिसली पाहिजेत, आणि त्यासाठी 150 ते 200 चौरस फूट जास्त लागतात. वर राहत्या फ्लॅटची इमारत असेल तर मांसाहाराला सोसायटीची हरकत आहे का ते आधीच लेखी घ्या. तोंडी होकार पहिल्या रविवारच्या वासाबरोबर उडून जातो.

यानंतरची गोष्ट पाणी. आमच्या मते या शहरात गाळा पसंत करण्याची पहिली कसोटी हीच, रस्त्याची शोभा त्यानंतर. सोलापूरचं बरंचसं पाणी उजनीवरून येतं आणि नळाला ते रोज येत नाही. भागाभागात अंतर बदलतं, म्हणून मालकाला न विचारता शेजारच्या तीन घरांत विचारा: किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती तास, मोटार न लावता पहिल्या मजल्यावर चढतं का. आणि लाईन फुटली होती तेव्हा किती दिवस नळ कोरडा होता, हेही विचारा. रेस्टॉरंटसाठी खुर्चीमागे दिवसाला 70 लिटर हे भारतीय मानकातलं प्रमाण आहे. ऐंशी खुर्च्यांना 5,600 लिटर. दर चार दिवसांनी पाणी येत असेल तर 22,400, आणि एक दिवस उशीर धरला तर 28,000 लिटरची साठवण. एवढा हौद म्हणजे सुमारे तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटरहून थोडा खोल खड्डा. गाळ्याच्या मालकीची तेवढी मोकळी जमीन आहे का? नसेल तर टाक्या गच्चीवर जातील, आणि 28,000 लिटर म्हणजे 28 टन वजन. जुन्या स्लॅबवर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय ते चढवू नका. दहा हजार लिटरचा टँकर गल्लीत वळतो का, पाइप हौदापर्यंत पोचतो का, हे एकदा प्रत्यक्ष टँकर बोलावून बघा. टँकरचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

बोअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडच्या काळ्या दगडातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आणि कठीणपणाची 200 आहे. त्याच्या पुढे गेलं की काचेच्या ग्लासवर पांढरे डाग राहतात, डिशवॉशरचा हीटर क्षार धरतो, डाळ शिजायला वेळ घेते. एक लिटर नमुना प्रयोगशाळेत द्या, तोही मे महिन्यातला; पावसाळ्यानंतरचा आकडा फसवा असतो. सॉफ्टनर आणि आरओची जागा, शिवाय आरओचं वाया जाणारं पाणी कुठे जाणार, हे नकाशात दाखवलेलं असावं. ड्रेनेजचं चेंबर उघडून बघा: लाईन सहा इंची आहे का, उतार बरोबर आहे का, मोरीनंतर ग्रीस ट्रॅपला (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीला) जागा आहे का. तेल-तूप थंड होऊन लाईनमध्ये थिजतं आणि तुंबतं ते नेमकं रात्री नऊला, हॉल भरलेला असताना. सप्टेंबर हा इथला सर्वांत ओला महिना. तळघराच्या भिंतीवर ओल चढल्याची रेघ दिसली तर कोठीघर तिथे नको.

आता भाग कुठला. नवी पेठ आणि जुन्या पेठांमध्ये संध्याकाळची खरेदीची गर्दी आहे, पण गाडी लावायला जागा नाही आणि दीड तास निवांत बसणारं कुटुंब तिथे थांबत नाही. चाट, आइस्क्रीम, नाश्ता यांना ती जागा चांगली. हायवेकडेच्या गार्डन हॉटेलांशी आणि ढाब्यांशी स्पर्धा करायला बाहेर जाणं म्हणजे त्यांच्याच मैदानावर उतरणं: त्यांच्याकडे एकर-एकर जागा आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या भाविकांवर फाइन डायनिंगचा हिशोब बांधू नका. त्यांना लवकर ताट आणि टेम्पो लावायला पटांगण हवं असतं. आम्ही पहिल्यांदा सात रस्ता, रेल्वे लाईन्स, होटगी रोड आसरा चौकापर्यंत, विजापूर रोड आणि जुळे सोलापूर हाच पट्टा बघू. राहती वस्ती आहे, रात्री साडेआठला कपडे बदलून दहा मिनिटांत पोचता येतं.

या पट्ट्यातही एकदाच बघून ठरवू नका. बुधवारी रात्री, रविवारी रात्री आणि एका कामाच्या दिवशी दुपारी, अशा तीन वेळा जा. साडेसात ते साडेदहा समोर उभं राहून दर पंधरा मिनिटांना किती चारचाकी आणि किती कुटुंबं बसलेल्या दुचाकी गेल्या ते लिहा. त्यातल्या किती वळून थांबू शकतात हे जास्त महत्त्वाचं: मध्ये दुभाजक असेल आणि पुढचं वळण अर्ध्या किलोमीटरवर असेल तर पलीकडच्या बाजूचं अर्धं गिऱ्हाईक गेलं समजा. जुळे सोलापूरकडून होटगी रोडला यायला आसऱ्याचा रेल्वे पूल रविवारी रात्री किती मिनिटं खातो ते घड्याळ लावून मोजा. विजापूर रोडला जड वाहनं कुठल्या वेळेत शिरतात ते वाहतूक शाखेत विचारा. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्या रस्त्यावरून जातात का, हे टपरीवाला अचूक सांगेल.

वर्षाचं कॅलेंडरही सोबत घ्या. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक असते, तेव्हा मंदिर आणि होम मैदानाच्या भोवतालचे रस्ते अडवले जातात. कोजागिरीला तुळजापूर रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचाच मान. गणपती आणि जयंत्यांच्या मिरवणुका तुमच्या दारावरून जातात का ते पोलीस चौकीत विचारून ते दिवस मोजा. वर्षात पंधरा संध्याकाळी दार बंद राहणार असेल तर त्या विक्रीतून वजा करूनच भाडं बोला.

पार्किंग: वीस टेबलं भरली तर बारा चारचाकी आणि पंधरा दुचाकी धरा. वळायच्या जागेसकट एका चारचाकीला सुमारे 250 चौरस फूट लागतात, म्हणजे 3,000 चौरस फूट, हॉलच्या दुप्पट. एवढी जागा क्वचितच मिळते. संध्याकाळी बंद होणारी बँक, शोरूम किंवा शाळेचं पटांगण शेजारी असेल तर त्यांच्याशी लेखी करार करा आणि तिथून दारापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का बघा. बाई कडेवर मूल घेऊन अंधारातून चालत येणार नाही.

घरातली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत लहान व्यक्ती आत कशी येईल, हे डोळ्यांसमोर आणा. जोतं दोन फूट उंच असेल तर बाराला एक या उताराने रॅम्प 24 फूट लांब होतो. तेवढी लांबी फुटपाथ न खाता मिळते का? पहिला मजला घ्यायचाच असेल तर लिफ्ट हवी आणि ती जनरेटरवर चालायला हवी. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, खुर्चीसारखा कमोड आणि बाळाचं लंगोट बदलायला फळी. शेजारी परमिट रूम असेल, आणि दोघांचा जिना एकच असेल, तर भाडं निम्मं असलं तरी नको म्हणा.

उन्हाचं तर इथे गणितच वेगळं. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता गाळ्यात उभं राहा. वरचा मजला आणि पश्चिमेची काच असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री आठ-नऊला खाली सोडतो, बरोबर तुमच्या गर्दीच्या वेळी. अशा जागेत 90 चौरस फुटांना एक टन एसी धरा. 1,500 फुटांना सतरा टन, सुमारे 20 किलोवॅट. फ्रीज, एक्झॉस्ट, दिवे मिळून भार 40 किलोवॅटच्या आसपास जातो. साध्या गाळ्याला मंजूर भार चार-पाच किलोवॅटचा असतो. वाढीव भाराला जवळच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता पुरेल का आणि खर्च किती येईल, हे महावितरणच्या उपविभागात अर्ज करून लेखी घ्या. जनरेटरचा आवाज कुणाच्या खिडकीखाली जाणार तेही बघा.

एक्झॉस्टचा डक्ट गच्चीच्या वर निघाला पाहिजे. मिरची-लसणाची फोडणी वरच्या फ्लॅटच्या खिडकीत गेली की महापालिकेत तक्रार ठरलेली. गॅसच्या 19 किलोच्या सिलिंडरांची एकत्र जोडलेली रांग उघड्यावर, जमिनीच्या पातळीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती तळघरात साठते, त्यामुळे तळघर कधीच नाही.

कागदांना वेळ द्या. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, शहराबाहेर असेल तर जमीन बिनशेती असल्याचा कागद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या. मंजूर नकाशात पार्किंग असलेलं तळघर आणि बाजूच्या मार्जिनवर (नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेवर) टाकलेला पत्रा, या दोन जागा गाळा म्हणून सर्रास दाखवल्या जातात; तिथे स्वयंपाकघर थाटलंत तर अग्निशमनचा दाखला अडतो आणि कारवाई तुमच्यावर येते. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ दर्शनी भागातून जाते का, हे भाग नकाशावर बघा. जुन्या वाड्याची जागा असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एका भावाने दिलेली जागा दुसरा भाऊ बंद करू शकतो.

करार नोंदणीकृतच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. पाच वर्षांची मुदत, लॉक-इन (ठरल्या काळात करार न मोडण्याचं बंधन) फक्त मालकावर, भाडेवाढीचा टक्का आकड्यात, आणि फर्निचर व परवान्यांसाठी किमान तीन महिने बिनभाड्याचे. हौद, डक्ट, जनरेटर, बोर्ड आणि पार्किंगची जागा नकाशावर लाल पेनाने आखून तो नकाशा कराराला जोडा. डिपॉझिट भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर आणि पाण्याचा अहवाल वाचल्यावर द्या. त्याआधी टोकन मागितलंच तर ते चेकनेच द्या आणि परतीची अट पावतीवर लिहून घ्या.