सामान बांधायचा साधा पट्टा: परदेशात घेताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात भाच्याचा जर्मनीहून फोन आला. पोरगा खानापूरचा, तिकडं जाऊन जेमतेम तीन महिने झालेत. कुणाचं तरी जुनं कपाट स्वस्तात मिळालं होतं. फळ्या सुट्ट्या करून मित्राच्या गाडीच्या टपावरून न्यायच्या होत्या. "मामा, बेल्ट मागितला तर कमरेचे पट्टे दाखवतायत. दुसऱ्या दुकानात गेलो तर ट्रकला लागतील असले. साधा पट्टा मिळतच नाही."

मी चार वर्षं तिकडं काढलीत, आणि याच घोळातून गेलोय. बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडची बरीच मुलं आता बाहेर जातायत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक नावाची. आपल्याकडं दुकानात "दोरी द्या" म्हणा नाहीतर कानडीत "हग्ग द्या", दुकानदाराला दोन्ही कळतं. जर्मनीत 'ग्युर्टेल' म्हणजे कमरेचा पट्टा आणि 'गुर्ट' म्हणजे बांधायचा पट्टा. भाच्यानं शब्दकोशातला पहिला शब्द उचलला होता. मागायचं ते 'श्पानगुर्ट', आणि तेही कपड्यांच्या किंवा बॅगांच्या दुकानात नाही. 'बाउमार्क्ट' म्हणजे घरबांधणीचं सामान विकणारं मोठं दुकान असतं, तिथं दोरखंड-साखळ्यांच्या रांगेत बघायचं. इंग्रजी चालणाऱ्या देशांत 'रॅचेट स्ट्रॅप' (दांडा वरखाली करून आवळायचा पट्टा) किंवा 'कॅम बकल स्ट्रॅप' (नुसता हातानं ओढून आवळायचा) म्हटलं की पुरतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: जेवढा जाड तेवढा चांगला, असं समजून 50 मिलिमीटर रुंदीचा रॅचेटचा पट्टा घेणं. हा पट्टा यंत्रं आणि ट्रकवरच्या मालासाठी असतो. त्याच्या दांड्याला हातानं 50 किलोचा जोर लावला की पट्ट्यात साधारण 300 किलोच्या आसपास ताण बसतो. मी पहिल्यांदा असा पट्टा टेबलावर आवळला तेव्हा 'कट्‌ कट्‌' आवाज छान वाटला. चौथ्या आवाजाला टेबलाची कड चिरली. मोकळा करताना खिट्टी ओढून दांडा पुरता उलटा पाडावा लागतो हेही ठाऊक नव्हतं, थंडीत अर्धा तास बोटं सोलून घेतली.

घरच्या सामानाला 25 मिलिमीटरचा, कॅम बकलचा पट्टा पुरतो. जर्मनीत त्या बकलला 'क्लेमश्लॉस' म्हणतात. बकल तळहातावर मावतं. आत एक छोटी दातेरी जीभ असते, तिच्यावर स्प्रिंग. पट्ट्याचं टोक आत घालून ओढलं की दाते पट्ट्याला चावतात, आणि वरची पाकळी अंगठ्यानं दाबली की पट्टा सुटतो. हातानं ओढाल तेवढाच ताण बसतो, त्यामुळं सामान चिरडत नाही. एकच जपायचं: टोक जिभेच्या खालून जायला हवं. उलट्या बाजूनं घातलं तरी सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं, पहिल्या खड्ड्याला निसटतं. आधी दोन्ही हातांनी झटका देऊन बघा.

पाकिटावर आणखी एक भेद असतो. एकसंध पट्ट्याला हुक नसतात, त्याचा फेरा मारून बांधायचं. दोन तुकड्यांच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना हुक असतात. टपावरच्या कॅरियरला एकसंध पट्टाच बरा, कारण ढिला पडला की हुक निघून येतो.

युरोपातल्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. निळी म्हणजे पॉलिएस्टर, हिरवी म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. निळी घ्या. नायलॉन पाणी पितं आणि ताणतं. भर पावसात चोर्ला घाट उतरताना मोटारसायकलवरची बॅग कलंडली होती ती नायलॉनच्या पट्ट्यामुळंच. 'एलसी' पुढचा आकडा म्हणजे किती ओढ सोसेल ते. 'डीएएन' हे एकक किलोच्या जवळपास धरा. फेरा मारून बांधल्यावरचा आकडा सरळ ओढीच्या दुप्पट असतो, आणि पाकिटावर तोच मोठ्या अक्षरांत छापतात. बघायचा तो छोटा आकडा.

इथून काही न्यावं का, असंही बरेच जण विचारतात. खाटेची निवार नेऊ नका. सुती असेल तर भिजून आकसते, वाळून ढिली पडते, वर गाठ मारावी लागते आणि गाठीपाशी पट्ट्याची ताकद निम्म्यावर येते. टायरच्या ट्यूबची पट्टी आपल्याकडं दुधाच्या कॅनला, वैरणीच्या भाऱ्याला उत्तम, पण ती ताणते. हुकवाली लवचिक दोरी तर डोळ्याच्या जिवावर उठते, ताणलेला हुक सुटला की थेट तोंडावर येतो. ताणणाऱ्या वस्तूनं ताडपत्री धरावी, वजन धरू नये.

बांधताना धारदार कडेवर पट्ट्याखाली जुन्या पाण्याच्या पाइपचा चिरलेला तुकडा घाला. वेग घेतल्यावर पट्टा घुमायला लागला तर त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो. उरलेलं शेपूट गुंडाळून खोचा, मोटारसायकलवर ते मागच्या चाकात गेलं तर माणूस रस्त्यावर आपटतो. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढा, सामान बसतं तसा पट्टा सैल होतो. जर्मनीच्या वाहतूक नियमांत कलम 22 आहे: करकचून ब्रेक मारला तरी माल सरकता कामा नये. तिथं गाडीवर माल बांधताना त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढं येणार असं धरतात. 40 किलोच्या फळ्या म्हणजे 32 किलोचा रेटा.

रविवारी भाच्यानं फोटो धाडला. तीन पट्टे, निळ्या चिठ्ठ्यांचे, तिन्ही आडवे. मी लगेच फोन केला, "आडवे पट्टे फळ्या खाली दाबतात रे, पुढं जायच्या थांबवत नाहीत. चौथा पट्टा पुढच्या तोंडावरून घे आणि मागच्या दांडीला ओढ." वीस मिनिटांनी दुसरा फोटो आला, चौथ्या पट्ट्यासकट.