गाण्याच्या पहिल्या तासाला येण्याआधी

मी लहान मुलांना गाणं शिकवते. पहिल्या दिवशी पालक हौसेने सांगतात, "हिला चार गाणी पाठ आहेत." कौतुक आहेच, पण मला त्याहून जास्त उपयोग होतो तो ऐकून सूर धरायच्या सवयीचा. ती घरीच लावा. रोज पाच मिनिटं पुरतात.

मूल खेळता खेळता काहीतरी गुणगुणतं. त्यातला एक सूर पकडा आणि तोच तुम्ही लांबवा. दोन आवाज एकात मिसळले की मूल चमकून बघतं. सूर जुळला म्हणजे काय, ते त्याच्या कानाला तिथे कळतं. मग जरासं वर जा, त्याला मागोमाग येऊ द्या. नाही जमलं तर पुन्हा त्याच्या सुरावर या. 'बेसूर' हा शब्द घरात काढूच नका.

बाबांनी एक लक्षात ठेवावं. मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, म्हणून त्यांचा आवाज उंच असतो. पुरुषांचा बोलण्याचा सूर साधारण १०० ते १२० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं; जितकी जास्त, तितका सूर वरचा), तर लहान मुलांचा २५० ते ३०० च्या आसपास. तुम्ही खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरात गाऊन "म्हण माझ्यासारखं" म्हणालात, तर ते बिचारं नुसतं पुटपुटतं. पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी दोन ते पांढरी पाच (इंग्रजी C ही पहिली धरून दुसरी ते पाचवी पांढरी पट्टी) एवढ्यातच खेळा.

"मोठा श्वास घे" म्हटलं की मुलं खांदे उचलतात. त्यापेक्षा उताणं झोपवा, पोटावर एखादं मऊ खेळणं ठेवा आणि ते वरखाली होताना त्याला बघू द्या.

गाण्याच्या तासाच्या दिवशी जेवण तासभर आधी उरकलेलं असावं, कमरेला घट्ट कपडे नकोत, सोबत पाण्याची बाटली. घसा बसला असेल तर गायला लावू नका. कुजबुजून बोलल्यानेही घशाला आराम मिळत नाही. शिक्षकांना सांगा, नुसतं ऐकायला बसवतील.

तुम्ही वर्गात थांबणार असाल तर मुलाच्या मागे बसा. समोर बसलात तर प्रत्येक सुरानंतर ते तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. ओठ हलवून शब्दही पुरवू नका. त्या वेळी त्याची नजर माझ्या तोंडाकडे हवी असते, 'आ' लावताना जबडा किती सैल सोडायचा ते त्याला तिथूनच उचलायचं असतं.