गाडी मिसिंग कधी करते, ते आधी विचारा

आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड दोन वर्षं करून पोरं बेळगावातल्या गॅरेजला लागतात, तेव्हा चार स्ट्रोक, फायरिंग ऑर्डर, वाल्व्ह टायमिंग सगळं त्यांना पाठ असतं. मग एक दिवस पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी समोर येऊन थांबते. गिऱ्हाईक म्हणतं, "मिसिंग मारायलीय ओ, चार ठिकाणी दाखवून झालं." म्हणजे इंजिन एकसारखं न चालता मधेमधे अडखळतंय. आणि पोरांना कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही. बहुतेक जण प्लगपाना उचलतात. माझं म्हणणं असं, की पाना उचलायच्या आधी गिऱ्हाइकाला बसवून चहा द्या आणि विचारा, गाडी मिसिंग कधी करते? सकाळी थंड असताना, की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना, की चढावर? पाऊस पडला की, की बारमाही? गॅस किट असेल तर गॅसवर, की पेट्रोलवरसुद्धा? या एवढ्या उत्तरांत निम्मं निदान होतं, आणि त्यासाठी एक बोल्टही सोडवावा लागत नाही.

आपल्या भागात हा प्रश्न कानडीतही विचारता आला पाहिजे. खानापूर, निपाणीकडचं गिऱ्हाईक मराठीत सांगेल, पण बैलहोंगल, गोकाककडून आलेला माणूस आपल्या गाडीचं दुखणं कानडीतच मोकळेपणी सांगतो. "तापली की" आणि "चढाला लागली की" यातला फरक तुम्हाला कळला नाही तर तुम्ही चुकीच्या जागी हात घालणार. गॅरेजच्या कामापुरती कानडी सहा महिन्यांत येते. ती शिका.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये त्याच्या पाळीला जाळ नीट होत नाही. जाळासाठी करंट, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), एवढंच लागतं, तेही वेळेवर. मारुती आठशे किंवा ओम्नीचं जुनं ७९६ सीसी इंजिन तीन सिलेंडरचं. त्यातला एक बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली, मग गाडी उभी थरथरते. चार सिलेंडरची गाडी तेवढी हलत नाही, म्हणून तिथे कान जास्त लावावा लागतो. चार ठिकाणी दाखवलेल्या गाडीत सगळ्यात आधी लीड, म्हणजे प्लगला करंट नेणाऱ्या वायरी, बरोबर लागल्यात का ते बघा. आठशेच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-२, बहुतेक चार सिलेंडरच्या गाड्यांची १-३-४-२. तुमच्या आधी कुणीतरी लीड काढून पुन्हा लावलेल्या असतात, हे गृहीतच धरा.

मग कुठला सिलेंडर बसलाय ते शोधायचं. थंड इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटभरात एक्झॉस्टच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर काम करणाऱ्या सिलेंडरच्या फाट्यावरचे थेंब चर्रकन उडतात आणि बसलेल्याचे तसेच राहतात. एकेक लीड काढून बघायची जुनी पद्धत आहे. ती काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलेंडर. पण लीड उघडी सोडू नका. वीस हजार व्होल्टच्या घरातला करंट हाताला बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकतं. स्पार्क टेस्टर लावून अर्थिंग द्या. एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला पेट्रोलचा वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत त्यापेक्षा त्या सिलेंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढणं बरं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं की तोही कामातून जातो.

स्कॅनरवर फार विसंबू नका. चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे इंजिनातला बिघाड कोडने दाखवणारी यंत्रणा, सक्तीची झाली ती एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या मिसिंगचा कोड दाखवतच नाहीत. आणि पी०३०२ असा कोड आला तरी तो दुसऱ्या सिलेंडरमध्ये जाळ होत नाही एवढंच सांगतो. प्लग खराब की वाल्व्ह, ते तुम्हीच शोधायचं.

सिलेंडर कळला की सुटे भाग बदलायची घाई नको, अदलाबदल करा. दुसऱ्या सिलेंडरचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात. मिसिंग पहिल्यात गेलं तर प्लग सापडला. तिथेच राहिलं तर प्लग निर्दोष, पुढे चला. लीडचं, इंजेक्टरचं तसंच. यात गिऱ्हाइकाचा एक रुपया जात नाही. चार ठिकाणी दाखवलेल्या गाडीत प्लग, कॉइल, लीड सगळं नवं असतं आणि मिसिंग जुनंच असतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण तो माणूस अनेकदा महिन्याच्या पगारातून ते पैसे भरत असतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कणकुंबी, जांबोटी, खानापूरकडून येणाऱ्या जुन्या गाड्यांत हेच दुखणं सगळ्यात जास्त असतं. सकाळी सुरू होताना धक्के, अर्ध्या तासाने धक्के आपोआप बंद. अशा वेळी डिस्ट्रीब्युटरचं (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाचं) कॅप काढून सरळ उजेडात बघू नका, टॉर्च आडवी धरा. आतल्या बाजूला एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत किंवा कडेपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते, तिला फाटेही फुटलेले असतात. कार्बन जळून झालेली ती वाट आहे. ओल आली की करंट प्लगकडे न जाता त्या वाटेने निघून जातो. पेट्रोलने पुसून, पॉलिश पेपर मारून दोन दिवस बरं वाटतं, पुढच्या पावसाला परत तेच. रेघ दिसली की कॅप बदला. कॅप साफ असेल तर संध्याकाळी अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, लीडवर पाण्याचा बारीक फवारा मारा. फुटलेल्या लीडमधून निळ्या ठिणग्या चटचट उडताना दिसतात. मल्टिमीटरने लीडचा रेझिस्टन्सही बघा. लांब लीडचा जास्त, आखूडचा कमी, पण सगळ्यांत एक मेळ असतो. एखादी बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त दाखवते किंवा हलवली की मीटरचा आकडा उड्या मारतो, तर ती बदला.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बाहेरून उभी काळी रेघ असेल तर तीही अशीच चोरवाट. पाना तिरका लागला की नव्या प्लगच्या चिनीमातीलाही केसाएवढी चीर जाते. असा प्लग बाहेर काढून धरला तर ठिणगी झकास पडते, आणि तिथेच नवी पोरं फसतात. उघड्या हवेत ठिणगी पडायला जेवढा व्होल्टेज लागतो, त्याहून कितीतरी जास्त सिलेंडरमध्ये दाबाखाली लागतो. बाहेर पडली म्हणजे आत पडतेच असं नाही. म्हणून चढावरचं मिसिंग अंगणात रेस देऊन दिसत नाही. वंटमुरीच्या घाटात वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबून बघा, करंट कमजोर असेल तर गाडी लगेच धक्के मारते. तिथेच धक्के न मारता नुसतीच मरगळली, तर पेट्रोल फिल्टर आणि पंपाकडे वळा.

उभी असताना मिसिंग आणि रेस दिली की बरं, हे बहुतेकदा कुठूनतरी एअर ओढल्याचं लक्षण. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग. इथे इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज कामाला येतो, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, चांगल्या इंजिनात आयडलला (रेस न देता) १७ ते २१ इंच पारा. तो आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना तो साधारण एक इंच उतरतो, आणि बेळगाव आहे सुमारे अडीच हजार फुटांवर. त्यामुळे आपल्या गॅरेजात पंधरा-सोळावर स्थिर उभा असलेला काटा निरोगी समजायचा. तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली की काटा वर चढतो. आकड्यापेक्षा काट्याची हालचाल महत्त्वाची. ठराविक तालात एकदा खाली येऊन परत जात असेल तर एका सिलेंडरचा किंवा वाल्व्हचा दोष.

तापल्यावरचं मिसिंग मात्र सगळ्यात अवघड. ते सापडत नाही म्हणूनच गाडी चार ठिकाणी फिरते. खानापूर तालुक्यातल्या एका दूधवाल्याची गॅसवर चालणारी जुनी व्हॅन माझ्याकडे अशीच आली होती. सकाळी गाडी गुळगुळीत. शहरात येईपर्यंत तापली, की दूध उतरवायला थांबल्यावर थरथरायची. प्लग, लीड, कॉइल, कॅप, सगळं कुणी ना कुणी बदललेलं. मी विचारलं, पेट्रोलवर टाकून बघितलं का? बघितलं होतं, तसंच होतं. म्हणजे दोन्ही इंधनांवर सारखं, तर इंधनाचा संबंध नाही. थंड इंजिनाचं कॉम्प्रेशन घेतलं, तिन्ही जवळपास सारखे. मग त्यालाच गाडी फिरवून तापवून आणायला सांगितलं आणि गरम गरम परत मोजलं. मधला सिलेंडर चांगलाच खाली आला होता.

कॉम्प्रेशन नीट घ्यायचं तर सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि इंधन तोडायचं, बॅटरी भरलेली हवी, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे मारायचे. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा फुकट. सिलेंडरा-सिलेंडरात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर शोध घ्या. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा: आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंग, नाही आला तर वाल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर खाली असतील तर गॅस्केटचा संशय आधी घ्या.

त्या व्हॅनमध्ये ऑइलने फरक पडला नाही. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडली आणि कान लावला. हवा कार्बोरेटरमधून फुसफुसली तर इनलेट वाल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. इथे सायलेन्सरमधून शीळ आली. एक्झॉस्ट वाल्व्ह. (हे करताना पिस्टन अगदी टोकाला हवा, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरतं. पुलीजवळ हात नको, पाना लावलेला सोडू नको.)

रात्रभर गाडी थंड ठेवून सकाळी टॅपेटचं (वाल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) कव्हर काढलं. त्या वाल्व्हला मॅन्युअलप्रमाणे फट मोजायच्या फिलर गेजची पाती सहज सरकायला हवी होती, तिथे सगळ्यात पातळ पातीही अडत होती. गॅसवर एक्झॉस्ट वाल्व्हची सीट लवकर झिजते, वाल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. तापल्यावर वाल्व्हची दांडी वाढते, फट संपते, वाल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सकाळी बरी आणि दुपारी आजारी, त्याचं कारण एवढंच. वाल्व्ह जळला नव्हता म्हणून टॅपेट सेटिंगवर भागलं. अजून काही महिने तशीच पळवली असती तर हेड उतरवून उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, सीट बदलायला न्यावं लागलं असतं. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक खूश असतात, पण गॅसच्या गाडीत गप्प झालेल्या टॅपेटची मला जास्त काळजी वाटते. वाजणारा निदान आपण आहे हे सांगतो.

जास्त दिवस उभ्या असलेल्या गाडीचं वेगळं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं. पंप तेच उचलतो. अथणी, रायबागच्या ऊसपट्ट्यात मळ्यावर गाडी लावून ठेवलेली असेल तर वायरिंगही तपासा. उंदीर इंजेक्टरची वायर अर्धवट कुरतडतात, मग ती हलेल तेव्हाच मिसिंग होतं.

हत्यारं एकदम घेऊ नका. आधी मल्टिमीटर, फिलर गेज आणि स्पार्क टेस्टर. मग कॉम्प्रेशन गेज, त्यानंतर व्हॅक्यूम गेज. स्कॅनर शेवटी, आणि तोवर उस्तादाचा वापरायला मागा. निदानाचे पैसे मागायला लाजू नका. तपासणीचा दर गाडी घेतानाच सांगा आणि काय मोजलं, किती आलं ते कागदावर लिहून द्या. आकडे दिसले की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, असा माझा अनुभव आहे. काढलेला जुना भाग त्याच्या हातात द्या; तो नको म्हणाला तर तुम्ही ठेवून घ्या. रेघ पडलेलं कॅप, चीर गेलेला प्लग, कुरतडलेली वायर, प्रत्येकावर कुठली गाडी आणि कधी मिसिंग करत होती ते चिकटपट्टीवर लिहून एका डब्यात ठेवत जा. माझ्या गॅरेजला नवा पोरगा आला की मी पहिल्या दिवशी त्याच्या हातात तो डबा आणि एक टॉर्च देतो.