कॅटच्या मॉकमधले आरसीचे गुण कितपत खरे धरायचे?

एका मॉकमध्ये (सराव परीक्षेत) व्हीएआरसीला, म्हणजे इंग्रजी वाचन आणि भाषेच्या सेक्शनला, 26 आले, पुढच्यात 38. तयारी वाढली का? एवढ्यावरून सांगता येत नाही. 2021 पासूनच्या कॅटमध्ये (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) या सेक्शनला 24 प्रश्न आणि 40 मिनिटं असतात. त्यातले 16 प्रश्न आरसीचे (रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे उताऱ्यावरचे): चार पॅसेज आणि प्रत्येकावर चार प्रश्न. बरोबर उत्तराला 3 गुण, एमसीक्यू (ऑप्शन दिलेला प्रश्न) चुकला तर वजा 1. समजा 16ही सोडवले, 11 बरोबर आले आणि 5 चुकले, तर 28 गुण होतात. दोन ऑप्शनमध्ये घुटमळून घेतलेले दोनच निर्णय उलटे पडले, की 9 बरोबर, 7 चूक आणि गुण 20. वाचन तेच, आकडा मात्र 8 ने खाली. म्हणून सहा मॉक होईपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढू नका.

मॉक खरी आहे का हे तपासायचं माप म्हणजे जुन्या कॅटचे पेपर. आयआयएम परीक्षेनंतर तिन्ही स्लॉटचे (सत्रांचे) पेपर आन्सर कीसह जाहीर करतात. 2021, 2022, 2023 आणि 2024 यांतला एकेक स्लॉट बाजूला काढा. चारही पेपर एकाच वर्षाचे नकोत, कारण काही वर्षी पॅसेज जड असतात, काही वर्षी ऑप्शन. 2020 ला सेक्शनमध्ये 26 प्रश्न होते आणि 2019 ला 60 मिनिटांत 34, त्यामुळे ते पेपर सरावाला चालतील, तुलनेला नाहीत. एक अडचण नेहमी येते: जुन्या कॅटचे पॅसेज सगळ्या सराव-संचांत फिरत असतात. आधी वाचलेला पॅसेज आला तर त्याचे चार प्रश्न हिशेबातून काढून टाका. उत्तर आठवत नसलं तरी विषय ओळखीचा झालेला असतो, वाचायचा वेळ वाचतो आणि गुण फुगतात.

आता पाच आठवड्यांत सहा मॉक आणि हे चार पेपर आलटून पालटून द्या. सगळ्या मॉक आधी आणि पेपर शेवटी असं केलंत, तर मधल्या काळात झालेली सुधारणा मॉकच्या खात्यावर जमा होईल. पेपर कॉम्प्युटरवरच, पॉज न करता, तुमच्या स्लॉटच्या वेळेला द्या. सकाळचा स्लॉट 8:30 ला सुरू होतो. रात्री 11 ला शांत घरात दिलेल्या पेपरशी त्याची तुलना होत नाही.

दर वेळी नुसती बेरीज लिहू नका. आरसीचे अटेम्प्ट, बरोबर, चूक वेगळे लिहा आणि व्हर्बलचे (सेक्शनमधल्या उरलेल्या 8 प्रश्नांचे) वेगळे. टीटा प्रश्नांना (ऑप्शन नसलेल्या, उत्तर टाइप करायच्या) निगेटिव्ह नाही, त्यामुळे तिथले ठोकताळे एकूण गुणांत लपतात. मग मॉक आणि जुने पेपर, दोन्हीकडची आरसीची सरासरी मांडा. फरक 5 गुणांच्या आत असेल तर तो योगायोगही असू शकतो. 10 च्या वर गेला तर मॉक वेगळी आहे, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. मॉक नेहमीच 10 ने कडक असेल तर घाबरायचं कारण नाही, तेवढे मिळवून वाचायचं. जी मॉक कधी 10 ने वर, कधी 10 ने खाली दाखवते, तिच्यावरून अंदाज बांधता येत नाही.

गुणांपेक्षाही जास्त सांगून जातं ते चुकांचं स्वरूप. पॅसेजमध्ये लिहिलंय, ‘गोंगाटाच्या भागातले काही पक्षी वरच्या पट्टीत गातात’ आणि ऑप्शन म्हणतो, ‘शहरातले पक्षी वरच्या पट्टीत गातात’. ‘काही’ गळलं, ‘गोंगाटाचा भाग’ जाऊन ‘शहर’ आलं. खऱ्या कॅटमध्ये ऑप्शन असेच हुकतात आणि का हुकले ते पॅसेजच्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं. मॉकमधली चुकलेली प्रत्येक आरसी याच कसोटीवर तपासा. सोल्युशन वाचूनही ओळ सापडत नसेल, किंवा उत्तराला बाहेरचं ज्ञान लागत असेल, तर शेजारी फुली मारा. 16 पैकी तीन-चार फुल्या पडणारी मॉक तुमचं वाचन मोजत नाही, पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते ओळखायला लावते. ती सिरीज सोडलेली बरी.

मॉकचं पर्सेंटाइल (किती टक्के जण तुमच्या मागे आहेत तो आकडा) शेवटी बघा. मेमध्ये मॉक देणारे थोडे आणि गंभीर असतात, फुकटच्या ओपन मॉकला गर्दी वेगळी असते. खऱ्या कॅटला अलीकडे अडीच ते तीन लाख जण बसतात, आणि स्लॉटच्या काठिण्यानुसार गुणांचं स्केलिंग होऊन मग पर्सेंटाइल निघतं. त्यामुळे अंदाज गुणांतच बांधा आणि तोही पट्ट्याने: चार जुन्या पेपरांची व्हीएआरसीची सरासरी 26 असेल, तर 18 ते 34 धरा. ज्या कॉलेजचा सेक्शनल कटऑफ (या सेक्शनला लागणारं किमान पर्सेंटाइल) या पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या गुणांवरही निघतो, तेवढीच कॉलेजं सेफ म्हणून यादीत लिहा.