पहाटेचे रिकामे रस्ते शूट करताय? आधी या चुका टाळा

इंदूरच्या राजवाड्यासमोरचा चौक खरंच रिकामा बघायला मिळतो तो दिवसातून फार तर दोन-अडीच तास. मागे सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत रात्री दोनपर्यंत खाणाऱ्यांची गर्दी असतेच, मग तवे घासणं, बाकडी उचलणं, मग झाडणारी माणसं आणि मशीनच्या गाड्या, आणि हे सगळं आटपून जरा कुठे शांत होतंय तोवर दूधवाले आणि पेपरवाले सुरू. मी चार वर्षं झाली रामबागेतून बाबांना बरोबर घेऊन पहाटे निघते, आणि ओळखीतले लोक आपले फोटो दाखवून विचारतात की आमचे असे काळे का येतात, केशरी का येतात, हललेले का येतात. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काहीच बिघाड नसतो हो, वेळ चुकलेली असते.

लोक घड्याळ बघून जातात, सूर्य बघून नाही, ही सगळ्यात मोठी चूक. पाचला उठायचं ठरवलं की जून असो की जानेवारी, पाच म्हणजे पाच. आता बघा, भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि इंदूर पडतं ७५.९ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने साधारण २६ मिनिटं उशिरा येतो. जूनमध्ये सूर्योदय ५:४० च्या सुमारास, आणि जानेवारीत थेट ७:१० च्या आसपास. दीड तासाचा फरक आहे! आणि आपल्याला हवा असलेला उजेड, म्हणजे आकाश गडद निळं झालंय पण रस्त्यावरचे दिवे अजून जिवंत दिसतायत, तो सूर्योदयाच्या आधी साधारण ४० ते २० मिनिटं एवढाच टिकतो. आपण कर्कवृत्ताच्या जवळ राहतो, इथे सूर्य बराच उभा वर येतो, युरोपातल्या लोकांच्या व्हिडिओत दिसते तशी लांबलचक निळी वेळ आपल्याला मिळत नाही.

यातून एक गोष्ट निघते जी मला फार उशिरा कळली. हिवाळ्यात निळा उजेड येतो साडेसहाच्या नंतर, तेव्हा जवाहर मार्गावर स्कूल बस आणि दुधाच्या गाड्या धावत असतात. उन्हाळ्यात तोच उजेड पाचलाच येतो आणि रस्ता खरोखर मोकळा असतो. म्हणून रिकामा रस्ता हवा असेल तर एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा धरा, हिवाळ्यात जायचंच असेल तर रविवार. जागेवर मात्र सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा, कारण ट्रायपॉड लावणं, फ्रेम ठरवणं हे सगळं अंधारात उरकायचं असतं.

आता आकाश काळं ठिक्कर आणि दिवे पांढरे फटक, असा फोटो आला तर समजा लवकर गेलात, थांबा. उलट दिवे फिके आणि सगळं राखाडी दिसलं तर उशीर झाला, त्या दिवशी घरी जा आणि उद्या या. मधल्या वेळात सेटिंग एकदा लावून सोडून देऊ नका, त्या शेवटच्या अर्ध्या तासात आकाशाचा उजेड दर तीन-चार मिनिटांनी जवळपास दुप्पट होत जातो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८ आणि शटर २ ते ८ सेकंद इथून सुरुवात करा, दोन-तीन फ्रेम झाल्या की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका! अंधारात स्क्रीन इतकी उजळ दिसते की काळा फोटोसुद्धा छान वाटतो आणि घरी लॅपटॉपवर उघडला की कळतं. मी आता ब्राइटनेस अगदी खाली आणूनच निघते.

रंगाचं म्हणाल तर जेपीजीवर राहू नका, रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जिचे रंग नंतर बदलता येतात) काढा. गल्लीत कुठे जुना सोडियमचा पिवळा दिवा, कुठे नवा पांढरा एलईडी, वर निळं आकाश, तीन रंगांचा उजेड एकाच फ्रेममध्ये, ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता धरायचा ते ठरवणारी सेटिंग) बिचारा दर फोटोत वेगळं काहीतरी ठरवतो. एकच आकडा फिक्स करा, मी ३८०० केल्व्हिनच्या आसपास ठेवते, बाकी घरी. आणि फोटोत आडव्या पट्ट्या येत असतील तर तो एलईडीचा लुकलुकाट आहे, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, पट्ट्या जातात.

झाडणारी माणसं फ्रेममध्ये आली की लोक वैतागतात. त्यांच्यामुळेच तर रस्ता असा दिसतो, त्यामुळे आधी त्यांना त्यांचं काम करू द्या, वाट अडवून ट्रायपॉड मांडू नका. फोटोपुरतं बोलायचं तर चार-पाच सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये (शटर उघडं असतं तेवढ्या वेळात) हळू चालणारा माणूस अर्धवट पुसला जातो आणि भुतासारखा डाग राहतो. एक तर ३० सेकंदांवर जा (एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागेल), नाहीतर तीच फ्रेम दहा-बारा वेळा काढून घरी सॉफ्टवेअरमध्ये मीडियन करा, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून हलणाऱ्या गोष्टी गाळा. हे जुनंच आहे, फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ मध्ये पॅरिसचा एक रस्ता टिपला तेव्हा रस्ता वाहता होता पण एक्सपोजर काही मिनिटांचं, म्हणून सगळी गर्दी गायब झाली आणि बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. म्हणजे रस्ता रिकामा असणं आणि फोटोत रिकामा दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी. पण मला विचाराल तर दूर कोपऱ्यात एखादी सायकल उभी असू दे, अगदी पुसून काढलेला रस्ता निर्जीव वाटतो.

राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि समोर उभं राहून कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात आणि वाडा मागे पडतोय असं दिसतं. कॅमेरा सरळ लेव्हलला ठेवा, मागे बागेकडे सरका, खाली रिकामी फरशी जास्त येऊ दे, ती नंतर कापता येते. गांधी हॉलच्या घंटाघराचंही हेच. झुकलेला टॉवर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो पण कडा खाऊन जातो, घड्याळच अर्धं कापलं गेलं तर काय उपयोग.

फोकस: ऑटोफोकस अंधारात पुढेमागे हलत बसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या चित्रात) दूरची एखादी लिहिलेली पाटी झूम करून मॅन्युअलवर लावा आणि मग रिंगला हात लावू नका. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, २ सेकंदांचा टायमर चालू. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची हिरवी-गुलाबी प्रतिबिंबं आकाशात तरंगताना दिसतात आणि तुम्ही सेन्सरला दोष देत बसता. मोबाइलवाल्यांनी नाइट मोड लावून फोन कशाला तरी टेकवावा, हातात धरून नाही.

कृष्णपुरा छत्रीला (होळकरांचं नदीकाठचं स्मारक) एका जुलैत मी फार वाईट चूक केली. एसी खोलीतून उठून कॅमेरा तसाच बॅगेत टाकला, नदीकाठच्या दमट हवेत बाहेर काढला आणि समोरच्या काचेवर वाफ धरली. पुसली, परत धरली. पुसली, परत. वर ढगांमध्ये जरा फट पडून निळा रंग दिसत होता आणि माझ्या हातात सगळं दुधी. बाबा म्हणाले, "अगं पुसू नकोस, थांब, गरम होऊ दे त्याला." वीस मिनिटं गेली, उजेडही गेला. तेव्हापासून पावसाळ्यात बॅग रात्रीच एसी नसलेल्या खोलीत ठेवते, आणि बॅगेत मऊ सुती रुमाल दोन.

एकटं जाऊ नका, हे मी मुलांनाही सांगते. कुत्री टोळीने असतात, पळायचं नाही, उभं राहायचं, ट्रायपॉड उचलायचा नाही. पेट्रोलिंगची गाडी थांबली की लपवाछपवी नको, बाबा स्वतःहून पुढे जातात, "साहब, बेटी फोटो लेती है, देखिए" म्हणतात आणि स्क्रीन दाखवतात, आजवर एकदाही अडचण आली नाही. बँक किंवा एटीएमकडे मात्र कॅमेरा रोखून उभं राहू नका. आणि दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली माणसं असतात, त्यांना मूड म्हणून फ्रेममध्ये घेऊ नका. ते त्यांचं अंथरूण आहे, आपण त्यांच्या खोलीत उभे आहोत असं समजून वागा, फ्रेम बदला, पलीकडची गल्ली शोधा.

शेवटची चूक घरी होते, शॅडो, म्हणजे फोटोतले काळोखे भाग, इतक्या उचलतात की पहाट दुपार होऊन जाते. काळं राहू द्या काळं. मी जागेवरच फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवते, जसं की "आकाश जांभळट निळं, पायऱ्या दिसत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर एकाच खिडकीत दिवा", आणि एडिट करताना ती बाजूला उघडी ठेवते. पायऱ्या दिसायला लागल्या की स्लायडर मागे.