आंतरविद्याशाखीय पीएचडी: अर्जाआधी काय काय हाताशी हवं

सामाजिक शास्त्रांत दोन-तीन विषयांच्या सीमेवर संशोधन करायचं, तर पहिली अडचण कागदावरच येते. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) एका विषयाची, एमए एका विषयात, आणि उद्या प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' लिहिलेलं असलं की छाननीत तेवढंच पाहिलं जातं. म्हणून आधी मूळ विषय पक्का करा. बाकीच्या विषयांतून सिद्धांत आणि पद्धती घ्या.

पात्रता चटकन तपासून होते. दोन वर्षांच्या एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत. चार वर्षांच्या पदवीवरून थेट यायचं तर ७५ टक्के. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल, तर नेटला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो, पण हे गुण एकच वर्ष ग्राह्य. काही विद्यापीठं अजून स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेतात, तेव्हा जाहिरातीतला प्रवेशाचा मार्ग दोनदा वाचा.

मार्गदर्शकाचं नाव मोठं असून भागत नाही, त्यांच्याकडे जागा हवी. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, एवढीच मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत बसतो. त्यांच्याशी अर्जाआधीच बोलून ठेवा. कामाची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला उभं राहायचं असतं. तिथे सगळेच एका विषयाचे असले, की तुमच्या प्रबंधाचा निम्मा भाग 'हे आपल्यात येत नाही' म्हणून कापला जातो.

आता संशोधनाचा आराखडा. 'आंतरविद्याशाखीय दृष्टिकोनातून अभ्यास' या शीर्षकाने कुणी भुलत नाही. बीडहून साखरपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड महिलांचं आरोग्य हा विषय घ्या. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) हा श्रम-अर्थशास्त्राचा प्रश्न. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीचं एक एकक, धरला जातो, हा लिंगभावाचा. आजारपणाचा खाडा आणि त्यापायी कापली जाणारी मजुरी इथे आरोग्यशास्त्र येतं. तिन्ही धागे एका प्रश्नात गुंफायला हवेत: उचल फेडण्याचा दबाव बाईच्या उपचारांचा निर्णय कसा बदलतो? असा प्रश्न एका वाक्यात बसत नसेल, तर आराखडा अजून कच्चा आहे. प्रत्येक धाग्यापुढे पुरावा कुठून आणणार तेही लिहा: घरोघरचं सर्वेक्षण, सखोल मुलाखती, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदी. नोंदींना परवानगी मिळेलच असं धरू नका. पर्याय आधीच लिहून ठेवा.

वेळापत्रकात हमखास फसगत होते. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. पहिलं सत्र कोर्सवर्कमध्ये जातं: किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र सक्तीचं, उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. मग माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीच्या बैठकीची वाट. तोवर गाळप संपत आलेलं असतं. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं, आणि एकूण मुदत सहाच वर्षांची. पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते, पण तिच्या भरवशावर आखणी करू नये. म्हणून पहिला उन्हाळा गावातल्या मुलाखतींना ठेवा, दुसरा हंगाम फडावरच्या कामाला.

संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल इतकं सोपं हवं. मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली संमती धरूच नका; नीतिसमितीत कुणी जाणकार असेल, तर हेच आधी विचारेल. फोन नंबर आणि नावं उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची.

साहित्याचा आढावा पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या संदर्भ-साधनात नोंदवा. उताऱ्यांना अवतरणचिन्हं तिथल्या तिथेच घाला, कारण इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपुढे गेलं की प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयाचे प्रबंध चाळून घ्या.

उरली कागदपत्रं: गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, नोकरी असेल तर ना-हरकत, जात वैधता. वैधतेला महिने लागतात, जाहिरातीची वाट पाहत बसू नका. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. मुलाखत त्यानंतर असेल, तर नवं काढून ठेवा.